काळी बटणं

५ फेब्रुवारी

भाऊजी,

अनेक आशीर्वाद. ऑफिसच्या मेलवर लिहिलं की चार जण वाचतात आणि पाचवा उत्तर देतो. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून कागद घेऊन बसले. आता मध्येच तोडून दाखवा.

तुमचा आराखडा वाचला. ‘शहरी उच्च जोखीम गटांसाठी एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रम: त्रैवार्षिक नियोजन’, एकशे बारा पानं. पान अकरावर केंद्राची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. अहो, दहा वाजता आमच्या गल्लीत मांजरसुद्धा डोळे उघडत नाही. बायका दुपारी एकला उठतात आणि पाचला तयारीला लागतात. म्हणजे तुमचं केंद्र त्या झोपलेल्या असताना उघडणार आणि त्या कामाला निघाल्या की बंद होणार. पान तिसावर जनजागृती फेरी, पाचशे माणसं फलक घेऊन गल्लीतून. जागृती करायची कुणाची? कंडोमबद्दल इथल्या बायका तुम्हालाच चार गोष्टी शिकवतील. नको म्हणतं ते गिऱ्हाईक, आणि ते तुमची फेरी बघून मागच्या दाराने पळेल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. हे वहिनी म्हणून लिहीत नाही, नऊ वर्षं या केंद्रात समुपदेशक आहे म्हणून लिहिते. वहिनी म्हणून लिहिलं असतं तर आणखी तिखट लिहिलं असतं.

तुम्ही मागितलेला वस्ती-नकाशा मात्र झाला. तीन दुपारी सतरंजीवर मोठा कागद अंथरून वीस-पंचवीस जणींनी तो काढला. थोरली मधोमध बसून. थोरली म्हणजे आमच्या गल्लीचं शेवटचं न्यायालय: पन्नाशीची, दमेकरी, जिभेला हाड नाही. अकरा वर्षांपूर्वी गोळ्या सुरू करणारी गल्लीतली पहिली तीच, आणि तिने दटावलं म्हणून बाकीच्या तपासणीला आल्या. गल्ल्या रेघांनी दाखवल्या आहेत, खोल्या जुन्या सदऱ्यांच्या बटणांनी. पांढरं बटण म्हणजे तपासणी झाली आणि ठीक आहे, निळं म्हणजे तपासणी व्हायची आहे, काळं म्हणजे त्या खोलीतली बाई गोळ्या घेते. शेवटचं बटण डिंकाने चिकटवून थोरलीने विचारलं, हे कुठे जाणार. मी म्हटलं, या कपाटातून बाहेर जाणार नाही, ऑफिसला फक्त बेरीज जाईल.

बेरीज पाठवली तर तुमचा फोन आला. रजिस्टरात गोळ्या घेणाऱ्या एक्केचाळीस, नकाशावर काळी बटणं बेचाळीस, मूळ नकाशाच पाठवा, समितीपुढे आकडे जुळले पाहिजेत. मी पुन्हा मोजली, बेचाळीसच भरतात. नकाशावर नावं नाहीत, त्यामुळे जास्तीचं कोणतं ते मला सापडत नाही. तुमचे दादा सोमवारी तिकडे येताहेत, त्यांच्याबरोबर गुंडाळी देते. दोन दिवसांत परत हवी. बायकांना सांगितलेलं नाही. तुमच्या शब्दावर पाठवते आहे. मी या घरात आले तेव्हा तुम्ही नववीत होता आणि खोटं बोललात की कान लाल व्हायचे. अजून होत असतील अशी आशा आहे.

वहिनी

*

११ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. दादा नकाशा घेऊन परत निघाला आहे, हे पत्र त्याच्याच खिशात. मी आणि माझ्या सहायकाने दोनदा मोजलं, बेचाळीसच. शेवटी एक बटण चुकून लागलं असं गृहीत धरून एक्केचाळीस कायम केले आहेत.

केंद्राची वेळ दुपारी एक ते आठ केली. फेरी रद्द केली. त्या पैशातून दुसरी समुपदेशक मागितली आहे. पाहा, मी ऐकतो. तुमची भाषा मात्र समितीत वापरता येत नाही, मला ‘शेळ्या’च्या जागी ‘लाभार्थी सहभाग’ लिहावं लागलं.

नकाशा पाहून खरंच थक्क झालो. एवढ्या वर्षांत असं काम मी पाहिलं नाही. दहा शहरांतून आराखडे येतात, सगळे अंदाजपंचे. इथे एकेक खोली कळते. वीस तारखेला समिती आहे. अकरा सदस्य, त्यात पोलीस उपायुक्त, शहर-सुधारणा खातं आणि घरमालक संघाचे अध्यक्षसुद्धा. मंजुरी मिळाली तर तीन वर्षं कुणी आपल्या केंद्राला हात लावू शकणार नाही. मला झोप नाही.

काळजी करू नका. तुमचा कागद जसाच्या तसा परत येतो आहे.

तुमचा,
धाकटा

*

३० मार्च

भाऊजी,

मंजुरी मिळाल्याचं तुमचं कार्ड आलं होतं. त्याचं उत्तर द्यायला फुरसत झाली नाही, आणि आता ते कार्ड बघवत नाही.

सव्वीस तारखेला दुपारी तीन वाजता गल्लीची दोन्ही तोंडं बंद करून पोलीस शिरले. या आधी चार धाडी पाहिल्या आहेत मी. दर वेळी आरडाओरडा, इकडचं दार तिकडचं दार, हाताला लागेल तिला ओढायचं. या वेळी आवाज नाही. हातात कागद, सरळ दारापुढे, ठक ठक, पुढचं दार. जणू कुणी हाताला धरून फिरवत होतं. चौदा जणींना गाडीत घालून सुधारगृहात नेलं. त्यातल्या नऊ जणी गोळ्या घेणाऱ्या. दुसऱ्या दिवसापासून घरमालक. ज्या पोलिसांना सापडल्या नाहीत त्यांचं सामान जिन्यात. आणि सगळ्यांचं नाही, बरोबर गोळ्या घेणाऱ्यांचंच. एकाने तोंडावर सांगितलं, रोगट भाडेकरू नको. त्याला कुणी सांगितलं? सात वर्षं ती त्याच्याकडे राहते आहे, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं तिने.

लाँड्रीच्या वर घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा एकटे राहतात. शहात्तर वर्षांचे. त्यांचं दार तोडून त्यांना बनियनवर खाली उभं केलं. फौजदाराने विचारलं, किती बायका ठेवल्या आहेत. आजोबा म्हणाले, एक होती, तीसुद्धा सोळा वर्षांपूर्वी गेली. गल्ली त्याही अवस्थेत हसली. मला नाही हसू आलं. जिन्यावरून उतरवताना त्यांचं मनगट मोडलं आहे, आणि त्या माणसाचं पोट त्या मनगटावर.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. उपायुक्त तुमच्या समितीत आहेत. सुधारगृहातल्या नऊ जणींना गोळ्या मिळतील एवढं त्यांच्याकडून आजच्या आज करून घ्या. गोळ्या अशा मध्येच सुटल्या की आजार त्या गोळ्यांना ओळखून बसतो, मग त्या लागू पडत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि धाड कुणाच्या सांगण्यावरून पडली ते विचारा. गळा दाबावासा वाटतो कुणाचा तरी, पण कुणाचा ते कळत नाही.

थोरली सापडली नव्हती, मागच्या भिंतीवरून गेली. त्या दम्याने भिंत कशी चढली देव जाणे. काल केंद्रात आली, बसली. माझ्याकडे बघत राहिली.

वहिनी

*

९ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. उपायुक्तांशी बोललो. सुधारगृहात गोळ्या गेल्या आहेत, नऊपैकी आठ जणींना मिळाल्या. नववी दुसरीकडे हलवली आहे, तिचा शोध चालू आहे.

धाडीबद्दल विशेष माहिती मिळाली नाही. शहर-सुधारणेची मोहीम सगळीकडेच सुरू आहे, त्यात आपली गल्ली आली असावी. त्याचा आराखड्याशी संबंध जोडता येणार नाही. एक गोष्ट मात्र मनात येते. इतकी नेमकी माहिती बाहेरच्याला नसते. बायकांपैकीच कुणी बोललं असेल का? नवीन आलेल्या, कुणाशी वैर असलेल्या? मी आरोप करत नाही, पण तुम्ही डोळे उघडे ठेवा. तुम्ही फार विश्वास टाकता.

तिमाही फॉर्म तीस तारखेपर्यंत लागेल. परिस्थिती समजते, पण वेळेत पाठवा, नाहीतर पहिल्याच तिमाहीत आपल्या केंद्रावर शेरा येईल.

तुमचा,
धाकटा

*

१८ एप्रिल

नियोजन अधिकारी साहेब,

मी डोळे उघडे ठेवले. काय पाहिलं ते ऐका.

जानेवारीत एक मुलगी आली होती, सगळ्या तिला बुटकी म्हणतात. निळं बटण होतं तिचं. तपासणीला घाबरायची, रोज केंद्राच्या दारापर्यंत येऊन परत जायची. नवीन आलेली, म्हणजे तुमच्या वर्णनात बसणारी. तुमचं पत्र माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, तू कुणाशी बोललीस. अकरा जणी बसल्या होत्या. तिने पायात चप्पल घातली आणि गेली. चार दिवस झाले, तिची खोली रिकामी आहे. तपासणी राहिली ती राहिलीच.

ती गेल्यावर थोरली उठली आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, नकाशा काढताना एक काळं बटण तिने मुद्दाम खोटं लावलं होतं. लाँड्रीच्या वर. तिथे आजोबांशिवाय कुणी राहत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पोलिसांना, मालकांना, भाजीवाल्याला. माहीत नसेल तर फक्त त्या कागदाला. ती म्हणाली, ‘तीस वर्षांत जितक्यांनी माझं नाव कागदावर लिहून घेतलं, त्यातला एकही कागद माझ्या भल्याला आला नाही. म्हणून एक बटण माझ्यासाठी ठेवलं. आजोबांचा हात माझ्यामुळे मोडला, ते मी त्यांना सांगून आले. तुझा कागद बाहेर कसा गेला ते तू सांग.’

ते बेचाळिसावं बटण, साहेब. जे मोजायला तुम्ही नकाशा मागवलात.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुम्ही मला बायकांवर संशय घ्यायला लावलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी. एका भेदरलेल्या पोरीला मी माझ्या तोंडाने हाकललं, तुमच्या एका ओळीवरून. मला उत्तर हवं आहे आणि ते एका शब्दात हवं आहे. समितीपुढे नकाशा ठेवलात का? मोहीम, परिस्थिती, संबंध जोडता येणार नाही, हे काही नको. कागदावर कान दिसत नाहीत म्हणून वाट्टेल ते लिहू नका.

*

२७ एप्रिल

वहिनी,

हो.

तुम्ही एकच शब्द मागितला होता, पण मला बाकीचंही लिहू द्या. दादाने नकाशा आणला त्या दिवशी मी मोबाइलवर त्याचे फोटो काढले. तेव्हा मनात काही नव्हतं, एवढं चांगलं काम आपल्याजवळ असावं इतकंच. मग समितीच्या आदल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, एवढ्या बायका आहेत याला पुरावा काय, प्रत्येक शहर आकडे फुगवतं. दुसऱ्या दोन शहरांचे आराखडे माझ्यासमोर फेटाळले. मी फोटोवरून नकाशा संगणकावर उतरवून घेतला आणि परिशिष्ट पाच म्हणून जोडला. बटणांच्या जागी ठिपके. खाली खुलासा: काळा ठिपका, उपचाराखालील. अकरा प्रती काढल्या. प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ असा शिक्का मी स्वतःच्या हाताने मारला.

आता तो शिक्का आठवला की मलाच माझी लाज वाटते. उपायुक्तांना गोपनीय, सुधारणा खात्याला गोपनीय, घरमालक संघाच्या अध्यक्षांना गोपनीय. मग गोपनीय कुणापासून?

आणखी एक सांगतो, नाहीतर हे पत्र पुन्हा खोटंच ठरेल. सत्तावीस मार्चला सुधारणा खात्याच्या साहेबांनी मला फोन करून अभिनंदन केलं. म्हणाले, तुमचं परिशिष्ट फार उपयोगी पडलं. तुमचं पत्र आलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. बायकांपैकी कुणी बोललं असेल हे लिहिलं तेव्हाही माहीत होतं. घाबरलो होतो.

पण वहिनी, रागावू नका, एक विचारतो. नकाशा कपाटातून मी नाही काढला. तो तुम्ही पाठवलात, बायकांना न सांगता. थोरलीला तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुमच्या पत्रात नाही.

धाकटा

*

६ मे

साहेब,

रागावू नका म्हणता. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते घरबसल्या कळलं. तुमचं पत्र टराटरा फाडलं, मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तुमचे दादा म्हणाले, घरातली भांडणं ऑफिसात नेऊ नका, झालं ते झालं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या भावाने ऑफिसातलं घरात आणलं, मी फक्त परत करते आहे. तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात.

तुम्ही विचारलंत, तर ऐका. थोरलीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, ऑफिसची तपासणी आली होती, तेव्हा कुणी फोटो काढला असेल. नऊ वर्षं ज्या बायकांना मी सांगते की खरं सांगा, मी आहे, त्यांच्या म्होरकीला मी डोळ्यात डोळे घालून खोटं सांगितलं. तिने मान हलवली. तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गल्ली सोडून गेली. कुठे ते कुणाला सांगितलं नाही आणि गोळ्यांची डबी केंद्राच्या टेबलावर ठेवून गेली. पंधरा दिवसांच्या गोळ्या होत्या तिच्यात.

तुमच्या पत्रानंतर मी उरलेल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. कागद मी दिला, माझ्या दिराला दिला, तुम्हाला विचारलं नाही. कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. एक जण उठून म्हणाली, मग आजच्या गोळ्या देणार आहेस ना. तेवढंच. गोळ्या घेतल्या आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यातल्याही चार आल्या नाहीत.

आता तुमचा फॉर्म. सोबत आहे. तुमच्या भाषेत ‘गळती’ असा मथळा आहे, जणू नळ आहे कुठला. गोळ्या सोडलेल्या प्रत्येकीपुढे कारण लिहायचं: स्थलांतर, मृत्यू, नकार, इतर. एक्केचाळीसपैकी तेवीस टिकल्या, अठरा गेल्या. सतरावी ओळ ती सुधारगृहातून हलवलेली, अठरावी थोरली. मी अठराही ओळींत ‘इतर’वर खूण केली आहे आणि पुढे लिहिलं आहे: आम्ही पत्ता दिला. अठरा वेळा लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’ची खूण करून भागवलं नाही.

हा फॉर्म असाच वर जाईल. तुमच्या सहीने जाईल, कारण ती सहीची जागा तुमची आहे. जे घडलं ते कुठल्याही कागदावर नाही. परिशिष्ट पाच आहे, मंजुरी आहे, अभिनंदन आहे. फक्त हे नाही. आणि ते नसेल तर पुढच्या शहरातला तुमच्यासारखाच कुणी हुशार माणूस परिशिष्ट पाच जोडेल आणि वर शिक्का मारेल.

*

२० मे

जावक क्रमांक २१७

प्रति,
समुपदेशक, केंद्र क्रमांक चार

विषय: तिमाही फॉर्ममधील त्रुटी

आपल्या केंद्राच्या फॉर्ममधील ‘गळतीचे कारण’ या रकान्यात अमान्य मजकूर आढळून आला आहे. सदर मजकूर वगळून अठराही नोंदींसमोर ‘स्थलांतर’ असे नमूद करावे व फॉर्म आठ दिवसांत फेरसादर करावा. विलंब झाल्यास केंद्राचे पुढील तिमाहीचे साहित्य रोखण्यात येईल.

नियोजन अधिकारी
(सही)

*

२५ मे

सही ओळखली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही तुमच्या दादांची सही करायचात, तेव्हाही शेवटी अशीच शेपटी यायची. तेव्हा मी तुम्हाला पाठीशी घातलं होतं. चुकलंच माझं.

फॉर्म तसाच परत पाठवते आहे. पाकीट तेवढं नवीन आहे. साहित्य रोखायचं तर रोखा. तेवीस बायकांच्या गोळ्या थांबवल्या की त्यांच्यापुढे काय लिहायचं ते मला विचारायला येऊ नका, स्थलांतर लिहा.

माझ्या दारात या महिन्यात बाई कशी येते ते सांगते. आधी दारासमोरून एकदा जाते. मग परत येते, आत कोण आहे बघते. मग विचारते, काही लिहिणार आहेस का. मी म्हणते नाही. मग आत येते. आधी पाच मिनिटांत व्हायचं ते आता एका तासात होतं, आणि पुष्कळ जणी तो तास पुरा होण्याआधीच निघून जातात. नवीन तपासण्या जानेवारीत छत्तीस होत्या, या महिन्यात तीन. प्रतिबंध कार्यक्रम म्हणतात याला. तुमच्या अकरा प्रतींनी आमचा चांगलाच प्रतिबंध केला.

*

१९ जून

वहिनी,

त्या वीस मेच्या पत्रावर सही मीच केली. मसुदा वरून आला होता, पण तसं म्हणून हात झटकत नाही. सही करताना मला तुमचं वाक्य आठवत होतं आणि तरीही केली. माझी बढती त्याच आठवड्यात होती.

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी ते तीन दिवस उघडलं नाही. आत काय आहे ते माहीत होतं. चौथ्या दिवशी उघडलं आणि अठरा ओळी वाचल्या. मी इतकी वर्षं या फॉर्मचे तक्ते बनवतो, पण एकेक ओळ वाचायची वेळ कधी आली नव्हती. बेरीज खाली तयार असते ना.

फॉर्म मी वर पाठवला आहे, तसाच. खाली लिहिलं: या नोंदी खऱ्या आहेत, परिशिष्ट पाच केंद्राला दिलेल्या शब्दाविरुद्ध मी जोडलं, फोटो मी काढला. माझं पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. समितीच्या अकराही जणांना प्रत पाठवली, पैसे देणाऱ्या संस्थेलाही. नकाशा परत मागितला. सात प्रती आल्या. चार जणांनी उत्तरही दिलं नाही, त्यात घरमालक संघ एक. त्या चार प्रती कुठे कुठे फिरताहेत ते मला कधीच कळणार नाही.

तीन तारखेपासून मी नियोजनात नाही. मला भांडारात बसवलं आहे, खोकी मोजायला. संस्थेने चौकशी लावली आहे, बहुधा नोकरी जाईल. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. साहित्य मात्र थांबणार नाही, तो हुकूम संस्थेने काढला आहे.

मला तिकडे यायचं आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. येऊ का?

धाकटा

*

४ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरलीचा निरोप आला. दोन शहरं पलीकडे एका सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात होती. लॉरीच्या अड्ड्यावर भांडी घासत होती म्हणे, तिथेच पडली. मी जाऊन घेऊन आले. हाडं तेवढी राहिली आहेत आणि जीभ. डॉक्टर म्हणतात, जुन्या गोळ्या आता तिला लागू पडत नाहीत, दुसऱ्या सुरू केल्या आहेत, दोन महिने बघू. त्या दोन महिन्यांत काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अठरापैकी आतापर्यंत पाच परत आल्या. एक सुधारगृहातच वारली, ती हलवलेली. तिचा शोध चालू आहे असं तुम्ही लिहिलं होतंत. बुटकीचा पत्ता नाही. मी बस-अड्ड्यावर दर रविवारी जाऊन उभी राहते. काय करणार आहे ती दिसली तर, ते मला ठाऊक नाही.

तुमचं पत्र मी थोरलीला वाचून दाखवलं, सगळं. भांडारात बसवलं तिथे ती हसली आणि खोकली. तुम्हाला क्षमा केली असं मी म्हणणार नाही, माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. सकाळी दात घासतानासुद्धा मी तुमच्याशी भांडत असते. तुम्ही खरं लिहिलंत ते चांगलं केलंत, पण तीन महिने उशिरा, आणि त्या तीन महिन्यांचा हिशेब थोरलीच्या अंगावर दिसतो. वरातीमागून घोडं आलं तरी ते आलं, एवढंच म्हणेन.

येऊ का विचारता. ते ठरवणं माझ्या हातात नाही, म्हणून बायकांना विचारलं. तेवीस अधिक पाच, सगळ्या जमल्या, थोरली खाटेवर. तासभर वाद झाला. कुणी म्हणालं येऊ द्या, कुणी म्हणालं गल्लीच्या तोंडावरच अडवा. घड्याळवाले आजोबासुद्धा आले होते, त्यांनी एका हाताने मत दिलं, येऊ द्या म्हणून. शेवटी ठरलं: यावं, सगळ्यांसमोर बसावं, प्रत्येकीने जे विचारायचं ते विचारावं, उत्तर द्यावं. पुढे केंद्र चालू ठेवायचं की दार लावून घ्यायचं ते त्या नंतर ठरवतील, आपल्याला बाहेर पाठवून.

मी विचारलं, मी कुठे बसू. मला वाटलं होतं, मी त्यांच्यात बसेन, तुमच्यासमोर, आणि पहिला प्रश्न माझा असेल. प्रश्न तयारसुद्धा होता, एप्रिलपासून घोकते आहे. थोरलीने उशीवरून मान उचलली. म्हणाली, ‘कागद दोघांनी दिला ना? मग तू त्याच्या शेजारी बस.’

गुरुवारी दुपारी दोन वाजता या. सतरंजीच्या त्या टोकाला आपली दोघांची जागा आहे.

वहिनी